डिजिटल पियानो : घरातील मांडणी व वापर

डिजिटल पियानो : पियानोची पट्टीरचना व स्पर्श कायम ठेवून, तारांऐवजी इलेक्ट्रॉनिक मंडलांतून स्वर देणारे वाद्य. पूर्ण आकाराच्या वाद्यात ८८ पट्ट्या असतात; त्यांपैकी ५२ पांढऱ्या व ३६ काळ्या. सर्वांत खालच्या पट्टीची कंप्रता (दर सेकंदाची कंपने) २७.५ हर्ट्‌झ, तर वरच्या टोकाच्या पट्टीची सुमारे ४,१८६ हर्ट्‌झ असते. दुकानांत ‘कीबोर्ड’ म्हणून मिळणारे, हलक्या ६१ पट्ट्यांचे वाद्य याहून वेगळे असून त्याचा विचार येथे केलेला नाही.

उगमाचा प्रश्न : पहिला डिजिटल पियानो कोणता, याविषयी एकवाक्यता नाही. मतभेदाचे मूळ तारखांपेक्षा व्याख्येत आहे. १९३० च्या दशकातील निओ-बेखस्टाइन आणि पुढे वुर्लिट्झर व ऱ्होड्स ही वाद्ये विजेवर वाजत असली, तरी त्यांच्यात तार, धातूची पत्ती किंवा कांडी प्रत्यक्ष कंप पावते आणि वीज तो कंप फक्त मोठा करते. त्यामुळे त्यांना विद्युत्-यांत्रिक म्हणणेच योग्य. १९७४ मधील रोलँड ईपी-३० मध्ये बोटाच्या आघाताप्रमाणे आवाज कमीजास्त होई, पण त्याची मंडले अनुरूप म्हणजे ॲनालॉग पद्धतीची होती. त्याला पूर्वज मानता येईल, आद्य डिजिटल पियानो नव्हे.

यानंतर तीन दावे उरतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये गवसलेली व १९७३ मध्ये शोधनिबंधातून मांडलेली कंप्रता-विरूपणाची (एका कंपनाने दुसऱ्याची कंप्रता बदलून नवा स्वर घडवण्याची) पद्धत यामाहा कंपनीने परवाना घेऊन विकसित केली. तिच्यावर आधारलेले जीएस-१ हे ८८ पट्ट्यांचे, दिसायला छोट्या ग्रँड पियानोसारखे वाद्य १९८० च्या दशकाच्या आरंभी आले. याच कंपनीची खास घरासाठी केलेली क्लॅव्हिनोव्हा मालिका साधारणपणे १९८३ पासून धरतात. तिसरा दावा १९८४ मध्ये विक्रीस आलेल्या कुर्झवाइल २५० या वाद्याचा. गायक-वादक स्टीव्ही वंडर यांच्याशी झालेल्या चर्चेतून संशोधक रे कुर्झवाइल यांनी ते घडवले, आणि त्यात खऱ्या पियानोचे ध्वनिनमुने (मुद्रित केलेले स्वर) स्मृतिपटात साठवलेले होते. ‘अंकीय (डिजिटल) पद्धतीने स्वर निर्माण करणारे’ एवढीच कसोटी लावली तर मान जीएस-१ कडे जातो. मात्र आज या नावाखाली मिळणारी बहुतेक वाद्ये ध्वनिनमुन्यांवर चालतात, हे लक्षात घेता कुर्झवाइल २५० चा दावा अधिक सयुक्तिक वाटतो. १९८६ चे रोलँड आरडी-१००० ध्वनिनमुने जसेच्या तसे वाजवण्याऐवजी गणिताने स्वर रचत असे. त्या वाटेचे पुढचे रूप आजच्या प्रतिमानाधारित (पियानोच्या कंपनांचे गणिती प्रतिमान वापरणाऱ्या) वाद्यांत दिसते.

स्पर्शाची यंत्रणा : पट्टीखाली रबराच्या घुमटीत दोन किंवा तीन संपर्कबिंदू असतात. पट्टी खाली जाताना ते एकापाठोपाठ जुळतात आणि मधला काळ मोजून वाद्य आवाजाची तीव्रता ठरवते. म्हणजे मोजला जातो तो बोटाचा वेग, जोर नव्हे. मिडी या, इलेक्ट्रॉनिक वाद्ये व संगणक यांना जोडणाऱ्या संकेतप्रणालीत हा वेग १ ते १२७ या अंकांत नोंदला जातो. पट्टी तळाला टेकल्यावर आणखी दाबल्याने आवाज तिळभरही वाढत नाही, मनगट मात्र दुखावते. संपर्कबिंदूंवर धूळ बसली की वेळेचे मोजमाप बिघडते आणि एखादाच स्वर अचानक ठणकन वाजतो किंवा मुका होतो. अशा वेळी वाद्य जुने झाले असे समजून लोक ते काढून टाकतात. पुष्कळदा ते उघडून साफ करण्यापुरतेच काम असते.

जागा व बैठक : पट्ट्यांचा पृष्ठभाग जमिनीपासून साधारण ७२ सेंमी. उंचीवर असावा आणि बसल्यावर कोपर त्याच पातळीत यावे. आपल्याकडे सर्रास होणारी चूक म्हणजे वाद्य जेवणाच्या टेबलावर ठेवणे. टेबल मुळात ७५ सेंमी. उंच, त्यावर वाद्याची जाडी १२ ते १५ सेंमी.; पट्ट्या थेट छातीशी येतात आणि खांदे वर उचलून वाजवावे लागते. पेटी वाजवणारे अनेकजण हे वाद्य सवयीने मांडी घालून बसता येईल इतक्या ठेंगण्या चौरंगावर घेतात. त्याने बैठक सुखाची होते, पण स्वर लांबवणारा पायाचा पेडल वापरता येत नाही आणि वाद्याचा निम्मा गुण वाया जातो. इंग्रजी एक्स अक्षराच्या आकाराचा घडीचा स्टँड स्वस्त असला तरी गुडघ्यांना आड येतो व जोराच्या वादनात डुलतो. सुटसुटीत वाद्याचेही वजन ११ ते २५ किग्रॅ. असते, ते लहान मुलाच्या अंगावर कलंडणे ही गंभीर गोष्ट आहे. म्हणून रुंद पायांचा स्टँड घ्यावा आणि वाद्य भिंतीलगत ठेवावे, मात्र खिडकीच्या झोतात ठेवू नये.

सदनिकांमध्ये आणखी एक अडचण येते. हेडफोन लावून वाजवले की शेजाऱ्यांना काहीच ऐकू जात नाही, असा समज आहे. स्वर ऐकू जात नाहीत हे खरे; पण पट्टी तळाला टेकल्याची ठकठक स्टँडच्या पायांतून लादीत आणि लादीतून खालच्या घराच्या छतात उतरते. रात्री खाली झोपलेल्या माणसाला ती स्वरांपेक्षा जास्त त्रास देते. स्टँडच्या पायांखाली जाड रबरी चटईचे तुकडे घातले की पुष्कळ फरक पडतो. स्पीकरवर वाजवणाऱ्यांनी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतील निवासी क्षेत्राची मर्यादा ध्यानात घ्यावी : दिवसा ५५, तर रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल.

विजेची जोडणी : बहुतेक वाद्यांना वेगळा ॲडॉप्टर असतो. तो हरवल्यास दुसरा घेताना व्होल्टता तंतोतंत तीच हवी, प्रवाहक्षमता मुळाइतकी किंवा अधिक हवी, आणि पिनेच्या आतल्या-बाहेरच्या टोकांची धन-ऋण खूण जुळायला हवी. ही खूण वर्तुळांच्या छोट्या आकृतीने वाद्याच्या मागे व ॲडॉप्टरवर छापलेली असते. पिन खाचेत नीट बसली म्हणजे ॲडॉप्टर योग्य, असे मुळीच नाही. उलट जोडणीने वाद्य क्षणात निकामी होऊ शकते. अमेरिकेतून परतलेली मराठी कुटुंबे वाद्यही बरोबर आणतात. तेथील पुरवठा १२० व्होल्ट, आपला २३०. ॲडॉप्टरवर ‘१००-२४०’ असे छापलेले असेल तर फक्त पिनजोड बदलून भागते. नसेल तर ट्रान्सफॉर्मर किंवा वर सांगितल्याप्रमाणे जुळणारा, २३० व्होल्टवर चालणारा ॲडॉप्टर हवाच.

दोन पिनांचा ॲडॉप्टर असलेले वाद्य धातूच्या ॲम्प्लिफायरला जोडल्यावर अनवाणी पायाने फरशीवर उभे राहून धातूला हात लावला, तर कधीकधी बारीक झिणझिण्या येतात. याचे कारण बहुधा ॲडॉप्टरमधील गाळणी संधारित्रातून (कपॅसिटरमधून) येणारा अतिसूक्ष्म प्रवाह हे असते. तरी ते गृहीत धरू नये : घराचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे आणि फलकावर ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक स्विच असावे. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून घरघर थांबवणे हा प्रकार जिवावर बेतू शकतो. चालू करताना आधी वाद्य, मग ॲम्प्लिफायर. बंद करताना उलट क्रम, म्हणजे स्पीकरला धक्का बसत नाही. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग उपसून काढावा आणि संगणकाला गेलेली तारही सोडवावी.

कानांची काळजी : जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या संयुक्त मानकानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, तर मुलांसाठी तेवढाच वेळ ७५ डेसिबल ही मर्यादा आहे. पातळी ३ डेसिबलने वाढली की सुरक्षित वेळ निम्मा होतो. ब्लूटूथ हेडफोनात स्वर किंचित उशिरा पोचतो व लय ढळते. सरावाला तारेचाच हेडफोन घ्यावा.

स्वरपट्टी बदलणे : हिंदुस्थानी संगीतात गायकाप्रमाणे षड्ज बदलतो. मराठी साथीदार ‘काळी एक’, ‘पांढरी चार’, ‘काळी पाच’ असे सांगतात. म्हणजे अनुक्रमे सी शार्प, एफ आणि ए शार्प. स्केल चेंजर पेटीत पट्ट्यांची फळी सरकवून जे होते, तेच येथे ट्रान्सपोज बटणाने होते. हे बटण सुरू राहिल्याचे विसरून पुढच्या वेळी ‘पियानो बेसूर झाला’ अशी तक्रार होते. वाद्य मुळात समान स्वरांतराच्या सप्तकात लावलेले असते, त्यामुळे तानपुऱ्यावर घडलेल्या कानाला त्याचा गंधार चढा लागतो. काही वाद्यांत इतर स्वरांतर-पद्धती निवडण्याची सोय असते. मींड मात्र निघत नाही.

निगा : पट्ट्या किंचित ओलसर, घट्ट पिळलेल्या मऊ कापडाने पुसाव्यात, स्पिरिट किंवा थिनर लावू नये. कोकण-गोव्यातील दमट हवेत वाद्यावर सुती आच्छादन टाकावे व शक्यतो ते रोज थोडे वाजवावे. खंडेनवमीला अनेक घरांत वाद्यांची पूजा होते, आणि ती व्हावीच. परंतु हळदकुंकू, अक्षता व फुलांवरचे पाणी थेट पट्ट्यांवर पडू देऊ नये. दुरुस्तीला आलेल्या एका वाद्याची मधल्या सप्तकातली पट्टी अर्ध्यावर अडकत होती; झाकण काढल्यावर तिच्याखाली कुंकवाने लाल झालेला तांदळाचा अख्खा दाणा निघाला. पूजेच्या वेळी प्लग काढून, पट्ट्यांवर स्वच्छ वस्त्र अंथरून, गंधफूल वाद्यापुढे पाटावर ठेवावे. निरांजन व उदबत्तीही तेथेच.