ज्युरी इज की ज्युरी आर : एका नियमामागचा गुंता

समूह एकसंध मानला तर क्रियापद एकवचनी, त्यातली माणसं सुटी सुटी मानली तर अनेकवचनी. इंग्रजीतल्या समूहवाचक नामाचा हा नियम प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने कधी ना कधी पाठ केलेला असतो. तो आजचा नव्हे. १७६२ साली लंडनमध्ये निघालेल्या एका छोट्या व्याकरणात तो जवळपास याच रूपात आहे : अशा नामाला दोन्ही वचनं चालतात, पण शब्दातून एकपणाची कल्पना निघते की अनेकपणाची, हे पाहून. १७९५च्या एका शालेय व्याकरणाने तो उचलला, आणि ते पुस्तक अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना पुढची कित्येक दशकं खपत राहिल्यामुळे नियम घरोघरी पोचला. त्याआधीचा इतिहास लांबलचक आहे. ग्रीक व्याकरणकारांनी लोकसमुदाय, नाचगाण्याचा मेळा अशा शब्दांना वेगळं नाव दिलं होतं, आणि जुन्या इंग्रजीतही असा कर्ता एकवचनी असताना क्रियापद अनेकवचनी येई. पण आजची गफलत तिथली नाही.

गफलत आहे नावाची. त्या जुन्या व्याकरणांत ‘कलेक्टिव्ह नाउन’ (समूहवाचक नाम) या संज्ञेपेक्षा ‘नाउन ऑफ मल्टिट्यूड’ (अनेकांचा बोध करून देणारं नाम) ही संज्ञा जास्त चाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातल्या इंग्रजी शाळांसाठी लिहिलेल्या एका व्याकरणमालेने या दोन संज्ञांना दोन कामं वाटून दिली. शब्द तोच, ज्युरी, म्हणजे खटल्यात निवाडा देणारं नागरिकांचं मंडळ. ‘ज्युरीत बारा जण असतात’ असं म्हणताना ज्युरी हे कलेक्टिव्ह नाउन, म्हणून इंग्रजी क्रियापद एकवचनी, ‘द ज्युरी कन्सिस्ट्स’. ‘ज्युरीत मतभेद झाले’ असं म्हणताना तेच नाउन ऑफ मल्टिट्यूड, म्हणून ‘द ज्युरी वेअर डिव्हायडेड’. नामाचा प्रकार शब्दकोशात ठरत नाही, वाक्यात ठरतो, हे या वाटणीतून मुलाला आपोआप कळत असे. नंतरच्या पाठ्यपुस्तकांतून दुसरी संज्ञा गळाली. जागा वाचली, पण विसंगती शिल्लक राहिली : नामाच्या धड्यात व्याख्या ‘अनेकांचा मिळून एक मानलेला समूह’ अशी, आणि दोनशे पानांनंतर क्रियापदाच्या धड्यात त्याच नामाला ‘आर’ लावायची मुभा. एकच मानला, तर ‘आर’ कुठून आला? हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला बहुधा ‘अपवाद आहे’ असं सांगून गप्प केलं जातं. तो अपवाद नाही. ती गाळलेली संज्ञा आहे, आणि ती गाळायला नको होती.

मराठी माध्यमात यावर आणखी एक थर चढतो. १८३६च्या मराठी व्याकरणाने मांडणीचा साचा बराचसा इंग्रजीवरून घेतला, आणि पुढे समूहवाचक नाम हा सामान्यनामाचा एक पोटप्रकार म्हणून रुळला : वर्ग, सैन्य, कळप, समिती. त्याच्या शेजारी मराठीच्या पेपरात ‘समूहदर्शक शब्द’ नावाची पाठांतराची यादी असते : केळ्यांचा घड, किल्ल्यांचा जुडगा, मडक्यांची उतरंड, भाकऱ्यांची चवड, नाण्यांची चळत, लाकडांची मोळी, पक्ष्यांचा थवा. इंग्रजीच्या तासाला ‘कलेक्टिव्ह नाउन’ आलं की मुलं त्याला ही यादी जोडतात आणि ‘अ फ्लॉक ऑफ शीप’, ‘अ बंच ऑफ कीज’ घोकायला लागतात. यादीत कोणत्या जोडीला कोणता शब्द शोभतो, हा शब्दसंपत्तीचा भाग. कमिटीपुढे हॅज लिहायचं की हॅव, हा वाक्यरचनेचा. मराठी नाव जवळपास सारखं असल्यामुळे पहिलं पाठ केलं की दुसरं आलं, असं वाटतं.

इंग्रजांच्याही घरी हा घोळ आहे. १४८६ साली सेंट आल्बन्स इथे छापलेल्या शिकारीच्या पुस्तकात प्राण्यापक्ष्यांच्या आणि माणसांच्या जथ्यांची दीडशेहून अधिक नावं आहेत. सिंहांचा ‘प्राइड’ आणि बदकांच्या जातीतल्या गीजचा ‘गॅगल’ त्यातून आजवर टिकले. कावळ्यांचा ‘मर्डर’ आणि न्यायाधीशांचा ‘सेंटन्स’ त्यातलेच, पण त्यांतले कित्येक शब्द तेव्हाही थट्टेतले किंवा उमरावी मिरवण्यातले होते. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांना हे शब्द फार आवडतात. कावळ्यांच्या थव्याला इंग्रज माणूस रोजच्या बोलण्यात साधं ‘फ्लॉक’ म्हणतो.

आता ‘ब्रिटिश आर लिहितात, अमेरिकन इज’ या समजुतीबद्दल. तिच्यात तथ्य आहे, पण ती जाडीभरडी आहे. अमेरिकेच्या १७८७च्या राज्यघटनेत देशद्रोहाच्या कलमात ‘युनायटेड स्टेट्स’साठी सर्वनाम ‘देम’ आणि ‘देअर’ आहे. यादवी युद्ध संपल्यावर १८६५ साली झालेल्या तेराव्या घटनादुरुस्तीतही ‘देअर’च आहे. युद्धाने एका रात्रीत ‘आर’चं ‘इज’ केलं, ही गोष्ट सांगायला चांगली, पण बदल पुढच्या काही दशकांत सावकाश झाला. ब्रिटनमध्येही विसाव्या शतकात गव्हर्नमेंट, कमिटी, ऑडियन्स यांच्यापुढे छापील मजकुरात एकवचनच जास्त दिसू लागलं. अनेकवचन घट्ट धरून आहे ते स्टाफ आणि खेळाचे संघ यांच्या बाबतीत. म्हणून ब्रिटिश वळणाच्या क्रिकेट वार्तांकनात ‘इंडिया आर १२० फॉर ३’ आणि अर्थपानावर ‘इंडिया इज’ एकाच अंकात सुखाने नांदतात : पहिल्यात अकरा खेळाडू, दुसऱ्यात देश. अमेरिकन वर्तमानपत्रं शहराच्या नावाने संघ सांगताना ‘इज’ लिहितात, पण मायामी हीटसारखं संघाचं नाव दिसायला एकवचनी असलं तरी ‘आर’ लावतात.

कर्ता समूहवाचक आहे एवढं पाहून थांबू नये, क्रियापदाचा अर्थ पाहावा. स्थापन होणं, बरखास्त होणं, अमुक सदस्यांचं असणं या गोष्टी एकट्या सदस्याला लागू होत नाहीत. तिथे ब्रिटिश लेखकही एकवचनच ठेवतो. भांडणं, आपापल्या जागी बसणं, एकमेकांशी असहमत होणं हे सदस्यांकडूनच घडतं, तिथे अनेकवचन खुलतं. शिवाय ‘धिस कमिटी आर’ ब्रिटनमध्ये चालतं, ‘दीज कमिटी’ कुठेच नाही. ‘देअर आर अ कमिटी’ही नाही, कारण ‘देअर’ने सुरू होणाऱ्या वाक्यात समूहाची ओळख करून दिली जाते आणि तो तिथे एकच असतो. सर्वाधिक गुण जातात ते सर्वनामावर. ‘द कमिटी हॅज’ अशी सुरुवात करून पुढे ‘देअर रिपोर्ट’ असा शेवट. हॅज घेतलं तर ‘इट्स’ आणि ‘विच’, हॅव घेतलं तर ‘देअर’ आणि ‘हू’. वाक्याच्या मध्यावर पक्ष बदलायचा नाही.

ज्यांना निवडच नाही असे शब्दही याच धड्यात कोंबले जातात. पोलीस आणि कॅटल नेहमी अनेकवचनी : ‘द पोलीस हॅज’ चूक. फर्निचर, लगेज, सीनरी हे समूहवाचक नाहीतच, ते अगणनीय आहेत. म्हणून नेहमी एकवचनी, आणि ‘फर्निचर्स’ हे रूप नाही. ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर’ यात नंबरचं नामपण झिजून ‘बरेच’ एवढाच अर्थ उरला आहे, ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स इज’ यात मात्र ते शाबूत आहे. ‘अ टीम ऑफ डॉक्टर्स’ पुढे प्रत्यक्ष इंग्रजीत दोन्ही आढळतात, तरी स्पर्धा परीक्षेची उत्तरसूची बहुधा ‘इज’ धरते. परीक्षेत ‘इज’च लिहावं आणि वाद घरी घालावा.

मराठी माणसाला ‘टीम आर’ खटकतं याचं कारण मराठीत क्रियापद नामाच्या रूपामागे निमूट चालतं. संघ हरला, समिती आली, जनता चिडली, वऱ्हाड आलं. वऱ्हाडात दोनशे माणसं असली तरी ‘आलं’च. लोक आणि गुरं अनेकवचनी, पण ती रूपंच अनेकवचनी आहेत. एक ‘मंडळी’ मात्र इंग्रजी वळणाची : ‘सगळी मंडळी जेवायला बसली’ म्हणताना ती एकवचनी स्त्रीलिंगी, आणि ‘या मंडळी, बसा’ म्हणताना समोरचे दहा जण. फॅमिलीला ‘आर’ का लागतो, हे वर्गात सांगायचं असेल तर कुटुंबाचं उदाहरण घेण्यापेक्षा हा शब्द घ्यावा. कुटुंब म्हटलं की जुन्या मराठीत बायकोच उभी राहते, आणि तिला अनेकवचन लावणं वेगळ्याच कारणाने अडचणीचं.