पंच फेस, ट्रिपल कोट, हेवी बोन

मावसभावाला मांजर घ्यायचंय. परवा त्याने मला व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड पाठवला, "पर्शियन किटन, प्युअर पंच फेस, ट्रिपल कोट, ब्लू आईज, पॉटी ट्रेन्ड, ओन्ली सिरियस बायर्स", खाली रेट, आणि त्याच्या खाली त्याच माणसाकडच्या डॉल फेसचा रेट, तो जवळपास निम्मा. भावाचा प्रश्न सरळ होता, हे पंच फेस म्हणजे काय आणि त्याचे डबल पैसे कशाचे? उत्तर टाइप करता करता इतकं लांबलं की म्हटलं नीट लिहूनच काढू.

तर डॉल फेस म्हणजे नाक असलेलं पर्शियन. पंच फेस म्हणजे तेच मांजर, पण नाक दोन डोळ्यांच्या मधे रुतून बसलेलं, बाजूने बघितलं तर चेहरा ताटलीसारखा सपाट. अधलंमधलं असेल तर सेमी पंच. म्हणजे जितकं नाक कमी तितका भाव जास्त असा हा उलटा हिशोब आहे, आणि कुत्र्यांच्या बाजारात पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग यांचंही तेच.

आता गंमत अशी की ब्रीडिंग करून करून कवटी आखूड झाली, पण आतलं सामान त्या मापात कमी झालंच नाही. टू बीएचकेचं फर्निचर वन आरकेमध्ये कोंबल्यासारखं. जीभ तेवढीच, मऊ टाळू तेवढाच, तो मागे लोंबतो आणि श्वासाच्या वाटेत येतो. नाकपुड्या बारीक चिरेसारख्या. दात बघा, कुत्र्याला ४२ दात असतात, लॅब्रेडॉरला ४२ आणि पगलाही ४२, मग एवढ्याशा जबड्यात ते तिरके, आडवे, एकमेकांवर चढून बसतात. पर्शियनमध्ये डोळ्यातून नाकात पाणी नेणारी जी बारीक नळी असते ती सपाट चेहऱ्यात दुमडते, मग ते पाणी नाकात न जाता गालावर उतरतं आणि तिथे तपकिरी ओघळ पडतात. पर्शियनवाल्या घरात सोफ्यावर वेट वाइप्सचं पाकीट कायम का असतं ते आता कळलं असेल.

पण खरी अडचण उन्हाळ्यात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजाच्या गाद्यांना येतो तेवढाच. त्याचा एसी आहे नाकात आणि तोंडात. नाकाच्या आत कागदाच्या सुरळीसारखी गुंडाळलेली पातळ हाडं असतात, त्यांच्यावर कायम ओलं अस्तर. कुत्रा धापा टाकतो तेव्हा हवा बरीचशी नाकातून आत येते आणि तोंडातून बाहेर जाते, त्या ओल्या अस्तरावरचं आणि जिभेवरचं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं तोच प्रकार. एरवी मिनिटाला वीस-तीस श्वास घेणारा कुत्रा धापताना ३०० च्या घरात जातो. पगच्या नाकात ह्या सुरळ्यांना जागाच नाही, त्या वेड्यावाकड्या वाढतात, कधी तर श्वासाच्या वाटेतच घुसतात. मग होतं काय की अंग गार करायला तो जोरात धापतो, अरुंद वाटेतून हवा ओढायला स्नायूंना जास्त कष्ट पडतात, त्या कष्टाने अंग अजून तापतं, घशाला आतून सूज येते, वाट अजून अरुंद होते. कुत्र्याचं नॉर्मल टेम्परेचर १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, ते १०६ च्या आसपास गेलं की हीटस्ट्रोक, आणि तिथून पुढे खेळ मिनिटांचा असतो. मुंबईकरांनी तर जास्तच सांभाळायला हवं, कारण दमट हवेत पाणी उडतच नाही. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत त्याच कारणाने मुंबईत कुत्र्याच्या धापा वाया जातात, मग थर्मामीटर नागपूरपेक्षा कमी का दाखवेना. (मांजराचं वेगळं आहे. मांजर एरवी तोंड उघडून धापतच नाही, अंग चाटून गार होतं, त्यामुळे मांजर धापताना दिसलं तर व्हिडिओ काढत बसू नका, डॉक्टरांना फोन करा.)

आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंचा पग आहे, नाव मोदक. दुपारी त्यांच्याकडे गेलो की तो हॉलमध्ये झोपलेला असतो, आणि झोपताना हनुवटी कायम काकूंच्या चपलेवर टेकवलेली, चप्पल नसेल तर तोंडात एक रबरी बॉल धरून. काकू कौतुकाने सांगतात, "बघ कशी उशी घेतो, माझी चप्पल नसली तर झोपच येत नाही लबाडाला." मलाही आधी गोडच वाटायचं. नंतर कळलं की सपाट तोंडाचे बरेच कुत्रे असंच करतात, मान उंच ठेवली किंवा तोंडात काही धरून ते उघडं ठेवलं की श्वासाची वाट मोकळी राहते. काही तर बसल्या बसल्या पेंगतात, कारण आडवं झालं की गुदमरायला होतं. काकूंना कसं सांगायचं ते अजून मला जमलेलं नाही. पण एकट्या काकूंचंच असं आहे असं नाही. २०१२ साली लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी श्वासाचा त्रास स्पष्ट दिसत असलेल्या कुत्र्यांच्या मालकांना विचारलं, तुमच्या कुत्र्याला श्वासाचा काही प्रॉब्लेम आहे का? ५८ टक्के म्हणाले, नाही. घोरतो, खरखर करतो, पण पग आहे ना, पग असेच असतात.

आणि पग असेच नव्हते! हॉगार्थ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७४५ मध्ये स्वतःच्या पगसोबत स्वतःचं चित्र काढलं, त्यातल्या पगला चांगलं दिसण्याइतकं नाक आहे. लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली मांजरांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं त्या काळातली पर्शियनही आजच्या भाषेत डॉल फेसच म्हणावी लागतील. मग शो आले, क्लब आले, बक्षिसं आली, आणि दर पिढीत जरा चपटं तोंड निवडलं गेलं. जीन्सच्या पातळीवर काय झालं तेही बऱ्यापैकी कळलंय. २०१७ मध्ये असं सापडलं की आखूड तोंडाच्या कुत्र्यांत एसएमओसी२ नावाच्या जीनमध्ये डीएनएचा एक उपरा तुकडा घुसलेला असतो आणि त्यामुळे त्या जीनचं काम मंदावतं. चेहऱ्याच्या लांबीतला बराच मोठा फरक ह्या एका गोष्टीने पडतो. आपल्याकडे पगची लाट आली ती मात्र जीनमुळे नाही, २००३ च्या हच ह्या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे, छोट्या मुलाच्या मागे मागे चालणारा पग आठवत असेल. त्यानंतर गल्लोगल्ली "हचवाला कुत्रा" मिळायला लागला.

बरं आता त्या फॉरवर्डमधले बाकीचे शब्द.

ट्रिपल कोट. हा शब्द शास्त्राचा नाही, बाजाराचा. मांजराच्या अंगावर केस तीन प्रकारचे असतात, वरचे लांब राठ, मधले, आणि आतले मऊ लोकरीसारखे, पण ते प्रकार तुमच्या खिडकीत येणाऱ्या गावठी बोक्यालाही असतात, प्रमाण वेगळं एवढंच. पर्शियनचे केस लांब का, तर एफजीएफ५ नावाच्या जीनचं काम असतं केसाला सांगणं की बास, आता वाढ थांबव. तो जीन बिघडला की थांब म्हणणारंच कोणी नाही, केस वाढतच राहतात. शिह त्झू, गोल्डन रिट्रीव्हर ह्यांचे लांब केसही त्याच जीनच्या बिघाडामुळे. म्हणजे एका बंद पडलेल्या स्विचचे आपण एक्स्ट्रा पैसे मोजतो, वर ग्रूमिंगचे वेगळे.

ब्लू आईज. अहो, सगळ्याच मांजरांची पिल्लं जन्मतः निळ्या डोळ्यांची असतात, रंग नंतर काही आठवड्यांत भरतो. दीड महिन्याच्या पिल्लाच्या जाहिरातीत ब्लू आईज लिहिणं म्हणजे बाळाच्या जाहिरातीत "दात नाहीत" लिहिण्यासारखं आहे. अपवाद सायामी आणि हिमालयन, त्यांचे निळेच राहतात, आणि त्यामागची भानगड मला भयंकर आवडते. रंग बनवणारं त्यांचं एन्झाइम उष्णतेला घाबरतं. अंग गरम असेल तिथे ते कामच करत नाही, म्हणून डोळ्यांत रंग भरत नाही, पोट-पाठ फिकी, आणि कान, नाक, पंजे, शेपूट हे गार भाग काळपट. आईच्या पोटात सगळीकडे ऊब, त्यामुळे पिल्लं जन्मतात पांढरीशुभ्र. माझ्या एका मित्राने असंच पांढरं पिल्लू आणलं, दोन महिन्यांत कान-नाक चॉकलेटी झालं तर त्याला वाटलं कोणीतरी रंग देऊन फसवलं. फसवलं वगैरे नव्हतं, पिल्लू फक्त थंड जगात आलं होतं. ह्याउलट पूर्ण पांढरं मांजर आणि दोन्ही डोळे निळे असतील तर मागून टाळी वाजवून बघा, अशांतली बरीचशी बहिरी असतात.

पर्शियन घेताय तर एक गोष्ट मात्र विचाराच, आईबापांची पीकेडीची टेस्ट झालीय का. किडनीत पाण्याचे फुगे होत जाणारा हा आजार एका जीनमुळे होतो, तो जीन २००४ मध्ये सापडला, आईबापांपैकी एकाकडूनही आला तरी पुरतो, आणि टेस्ट यायच्या आधी वेगवेगळ्या देशांत तपासलेल्या पर्शियनपैकी साधारण तिसरा हिस्सा त्यात सापडला होता. दुमडलेल्या कानांचं स्कॉटिश फोल्ड तर मी कोणाला सुचवणारच नाही, ज्या बिघाडामुळे कान दुमडतो त्याचमुळे सगळ्या सांध्यांतलं कार्टिलेजही बिघडतं, आणि ते मांजर शांत वाटतं त्यामागे कधी कधी दुखणं असतं.

कुत्र्यांच्या जाहिरातीत "हेवी बोन लॅब" असतं. हेवी बोन वगैरे ठीक आहे, पण लॅब जाड का होतात ह्याला उत्तर आहे. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये कळलं की साधारण चारातल्या एका लॅबच्या पीओएमसी जीनमधला एक तुकडा गायब असतो. हा जीन मेंदूला "पोट भरलं" सांगायच्या कामातला. पुढच्या अभ्यासात असंही दिसलं की अशा लॅबना जेवणांच्या मधल्या वेळात जास्त भूक लागते आणि नुसतं पडून असताना त्यांच्या कॅलरी २५ टक्के कमी खर्च होतात. तेव्हा लॅब पोळीच्या तुकड्याकडे असा बघत असेल जणू आठवडाभर उपाशी आहे, तर तो नाटक करत नाहीये, त्याला खरंच तसं वाटतंय. तरी पोळी देऊ नका.

आणि हस्की. पुण्यात एप्रिलमध्ये हस्की बघितला की मला काही बोलवत नाही. एवढंच सांगतो, ती आतली दाट लोकर सायबेरियाच्या थंडीसाठी आहे आणि तुमचं लाइट बिल त्याच्यासाठी आहे.

स्वभावासाठी ब्रीड निवडणाऱ्यांनाही थोडं सांगायचंय. "गोल्डन म्हणजे प्रेमळ" टाइप गोष्टी आपण ठामपणे बोलतो, पण २०२२ मध्ये अमेरिकेत १८ हजारांहून जास्त कुत्र्यांचा अभ्यास झाला त्यात एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के फरक ब्रीडवरून सांगता आला. रूपाचं तसं नाही, रूप ब्रीडवरून ओळखता येतं. सध्या शहरांत इंडी, म्हणजे आपले गल्लीतले देशी कुत्रे, दत्तक घ्यायची पद्धत वाढतेय ती मला म्हणूनच शहाणपणाची वाटते, लांब नाक, आखूड केस, आणि कोणी आखून दिलेलं लग्न नाही त्यामुळे जीन्समध्ये भरपूर सरमिसळ. लस, जंतनाशक, गोचीड हे सगळं त्यालाही लागतंच हां. आपले लातूर-सोलापूरकडचे कारवान देखणे आहेत, पण ते सशामागे धावायला घडलेले कुत्रे, त्यांना सहाव्या मजल्यावर दोन वेळच्या चकरेवर ठेवणं म्हणजे त्यांच्यावर अन्यायच.

तरी पगच हवा असेल तर पिल्लू बघू नका, पिल्लाची आई बघा. डॉक्टर सपाट तोंडाच्या कुत्र्याचा श्वास तपासताना त्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवतात आणि स्टेथोस्कोप लावून ऐकतात. स्टेथोस्कोप नसला तरी कान आहेत, आई तीन मिनिटं पळाल्यावर खोलीच्या पलीकडून घरघर ऐकू आली तर परत या.

भावाला हे सगळं पाठवलं. त्याने त्या जाहिरातवाल्याला विचारलं, आईबाप बघायला मिळतील का आणि पीकेडीची टेस्ट आहे का. रिप्लाय आला, "सर आई फार्मवर आहे. टेस्टचं टेन्शन घेऊ नका, फुल पंच आहे."