घुबडाच्या पोटातले कृमी कोणाचे?

मांज्यात अडकलेला किंवा गाडीची धडक बसलेला पिंगळा उपचार केंद्रात आला की पंखाच्या एक्स-रेबरोबर त्याची विष्ठाही तपासली जाते. सूक्ष्मदर्शकाखाली बऱ्याचदा कृमींची अंडी दिसतात. नोंदीत 'कृमी आढळले' असे लिहिले जाते आणि औषध सुरू होते. ही अंडी खरोखर घुबडाच्या कृमींची आहेत, की त्याने काल खाल्लेल्या उंदरातून आली, हे विचारायचे मात्र राहून जाते. घुबडाचे कृमी आणि त्याच्या शिकारीचे कृमी यांचे नाते उलगडायला अभ्यासकांना पावणेदोनशे वर्षे लागली. तपासणीतल्या बऱ्याचशा चुकांची मुळे याच नात्यात आहेत.

सुरुवात अठराव्या शतकातल्या युरोपात झाली. जर्मनीतल्या क्वेडलिनबुर्गचे पाद्री योहान गोएत्झे यांनी १७८२ मध्ये प्राण्यांच्या आतड्यांतल्या कृमींवर मोठा ग्रंथ काढला. त्यात घुबडातला एक पट्टकृमी 'कॅन्डेलाब्रारिया' या नावाने आला. लॅटिनमध्ये कॅन्डेलाब्रम म्हणजे दिव्यांचे झाड. आज त्याला पॅरुटेरिना कॅन्डेलाब्रारिया म्हणतात. त्याच्या दोन वर्षे आधी डेन्मार्कचे ओ. एफ. म्युलर यांनी घुबडातल्या काटेरी डोक्याच्या कृमीला नाव दिले होते, तो आजचा सेन्ट्रोऱ्हिंकस अल्युकोनिस. १७८८ मध्ये श्रांक यांनी स्ट्रिजिया स्ट्रिजिस या पर्णकृमीची नोंद केली. केसासारख्या बारीक गोलकृमींसाठी झेडर यांनी १८०० मध्ये कॅपिलेरिया ही प्रजाती पाडली, आणि घुबडांत नेहमी सापडणारी तिची टेन्युइसिमा ही जात लवकरच रुडॉल्फी यांच्या हातून नावारूपाला आली. म्हणजे घुबडात भेटणाऱ्या चारही मुख्य गटांचे बारसे तीसएक वर्षांत उरकले होते.

नावे ठेवून झाली, पण हे कृमी येतात कुठून हे कोणालाच माहीत नव्हते. कोपनहेगनच्या विज्ञान अकादमीने याच प्रश्नावर बक्षीस लावले. पहिले बक्षीस मिळवणारे ब्लोख आणि त्यांच्यामागोमाग आलेले गोएत्झे या दोघांचेही उत्तर चुकीचे होते: कृमी जन्मजातच शरीरात असतात, असे ते मानत. रुडॉल्फी तर कृमींच्या शास्त्राचे जनकच म्हणायचे, पण कृमी शरीरात आपोआप उपजतात या मताला तेही शेवटपर्यंत धरून होते. यावर हसण्याआधी त्यांची अडचण लक्षात घ्यायला हवी. घुबडाच्या आतड्यातला पट्टकृमी ना हवेत जगतो, ना पाण्यात, ना मातीत. बाहेर कुठेही तसा प्राणी सापडत नसेल, तर तो आतच तयार होतो हा निष्कर्ष त्या काळी वेडगळ नव्हता.

उत्तराचा धागा गोएत्झेंच्या हाताला लागून सुटला होता. उंदराच्या यकृतातल्या पाणीदार पुटकुळीतल्या कृमीचे डोके मांजरातल्या पट्टकृमीच्या डोक्यासारखे दिसते, हे त्यांनी टिपले होते. पण उंदीर मांजराच्या पोटात जातो आणि पुटकुळीतला कृमी तिथे मोठा होतो, एवढी पुढची पायरी त्यांनी चढली नाही. ती चढले फ्रीडरिश क्युखेनमायस्टर, तेही १८५१ मध्ये. सशातल्या पुटकुळ्या त्यांनी कुत्र्याला खाऊ घातल्या आणि कुत्र्याच्या आतड्यात पट्टकृमी मिळवले. शिकाऱ्याच्या आतड्यातला कृमी आणि शिकारीच्या अवयवातली पुटकुळी या एकाच प्राण्याच्या दोन अवस्था आहेत, हे तेव्हा सिद्ध झाले. घुबडाच्या पट्टकृमीची पाळी यायला आणखी शंभर वर्षे गेली. कॅनडातल्या फ्रीमन यांनी १९५७ मध्ये पॅरुटेरिना कॅन्डेलाब्रारियाचे जीवनचक्र प्रसिद्ध केले: अळी-अवस्था उंदीरवर्गीय प्राण्यांच्या यकृतात, प्रौढ कृमी घुबडात. गोएत्झेंनी नाव दिलेल्या कृमीचा पत्ता शेवटी उंदराच्या यकृतातच सापडला.

पर्णकृमींचे गणित याहून गुंतागुंतीचे. १९४७ मध्ये चॅन्डलर आणि राउश यांनी उत्तर-मध्य अमेरिकेतल्या घुबडांतल्या स्ट्रिजिया गटाचा अभ्यास मांडला आणि त्यातल्या एका जातीला एलिगन्स नाव दिले. १९५९ मध्ये पिअरसन यांनी तिची साखळी उलगडली. अंडे पाण्यात फुटते आणि अळी गोगलगायीत शिरते. तिथून दुभंगलेल्या शेपटीची अळी बाहेर पडून बेडकाच्या पिलात घुसते. ते पिल्लू किंवा बेडूक सापाने खाल्ला की सापाच्या शरीरात पुढची अवस्था तयार होते, आणि साप घुबडाने खाल्ला की कृमी प्रौढ होतो. चार पोशिंदे, म्हणजे कृमीला आसरा देणारे प्राणी, लागतात आणि एकही गाळून चालत नाही. त्यामुळे घुबडात स्ट्रिजिया सापडला तर त्या पक्ष्याच्या शिकारीच्या टापूत पाणी, गोगलगायी आणि बेडूक आहेत, एवढे छातीठोकपणे सांगता येते. प्रौढ कृमी जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. शरीराचा पुढचा भाग पेल्यासारखा, आणि त्या पेल्यात आतड्याच्या अस्तराची बोंडे ओढून धरून तो चिकटतो. शवविच्छेदनात चिमट्याने ओढला तर अर्धा हातात येतो आणि अर्धा अस्तरातच राहतो. आतडे कोमट मिठाच्या पाण्यात (०.९ टक्के) ठेवून वाट पाहिली की तो स्वतःच पकड सोडतो.

काटेरी डोक्याच्या कृमीला स्वतःचे आतडेच नसते. तो अन्न त्वचेतून शोषतो आणि सोंडेवरच्या आकड्यांनी भिंतीत रुतून बसतो. त्याची अंडी नाकतोड्यासारखे कीटक गिळतात. कीटक बेडकाने, सरड्याने किंवा चिचुंद्रीने खाल्ला तर अळी तिथे वाढत नाही, फक्त पुटीत दबा धरून बसते. आपल्याकडे भेकाचे पोट उघडल्यावर आतड्याच्या पडद्यावर तांदळाच्या कणीएवढे पांढरे दाणे दिसतात, त्यांत बऱ्याचदा सेन्ट्रोऱ्हिंकस गटाच्या अळ्या असतात. गोलकृमींपैकी पोरोसिकम गांडुळातून आणि पुढे चिचुंद्रीतून येतो. जठराच्या अस्तराखाली राहणारा सिनहिमॅन्टस दगडाखालच्या, हात लावताच गोळी होणाऱ्या वुडलाइससारख्या जिवांतून येतो. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या एलॉइस क्रॅम यांनी १९२७ मध्ये पक्ष्यांतल्या गोलकृमींचा मोठा संदर्भग्रंथ लिहिला आणि १९३१ मध्ये कोंबड्यांतल्या याच कुळातल्या कृमींच्या अळ्या अशा जिवांत कशा वाढतात ते दाखवले. घुबडाच्या कृमींविषयीचे पुष्कळसे ज्ञान असे कोंबडीच्या आडून आलेले आहे. कोंबडीला बाजारभाव होता, घुबडाला नव्हता.

दिवसा शिकार करणारे ससाणे-गरुड आणि घुबडे यांचा आहार वरवर सारखा वाटतो. तरी दक्षिण इटलीतल्या पक्ष्यांवरच्या २०१२ च्या अभ्यासात दोन्ही गटांचे कृमी बरेच वेगळे निघाले. याची काही कारणे शरीररचनेत शोधता येतात. घुबडाला गळ्याशी अन्न साठवायची पिशवी नसते, लहान शिकार अख्खी गिळली जाते, आणि त्याचे दोन अंधनाल (आतड्याला जोडलेल्या, एका टोकाला बंद नळ्या) चांगले लांब असतात, तर ससाण्या-गरुडांचे नावापुरते. या अंधनालांत सब्युलुरा हा गोलकृमी राहतो, जो भुंगेरे आणि नाकतोड्यांतून येतो. मुख्यतः किड्यांवर जगणारा पिंगळा आणि मुख्यतः उंदरांवर जगणारे गव्हाणी घुबड एकाच वाड्याच्या पडक्या भिंतीत राहत असले, तरी त्यांच्या पोटातली मंडळी सारखी नसतात.

स्नायूंत राहणारा एक कृमी मात्र वेगळाच. ट्रायकिनेला स्युडोस्पायरॅलिस ही जात गारकावी यांनी १९७२ मध्ये कॉकेशसमधल्या रॅकूनमधून वर्णिली. तिच्या भाईबंदांसारखे कवच ती स्नायूंत बांधत नाही आणि पक्ष्यांतही जगू शकते. १९९९ मध्ये मध्य इटलीतल्या घुबडांत ती सापडल्याची नोंद झाली. हा कृमी विष्ठेच्या तपासणीत दिसत नाही, त्यासाठी स्नायूचा तुकडाच तपासावा लागतो.

भारतातल्या नोंदींचा पाया ब्रिटिश काळातला आहे. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेत साउथवेल यांचे पट्टकृमींवरचे दोन खंड १९३० मध्ये आले, आणि बेलिस यांचे गोलकृमींवरचे खंड १९३६ व १९३९ मध्ये. स्वातंत्र्यानंतर विद्यापीठांच्या प्राणिशास्त्र विभागांनी हे काम पुढे नेले. आपल्याकडे मराठवाडा विद्यापीठात पट्टकृमींच्या अभ्यासाची मोठी परंपरा उभी राहिली. या साहित्याचा मोठा भाग नव्या जातींच्या वर्णनाचा आहे. पक्ष्यात किती कृमी होते, पक्षी आजारी होता का, त्याच्या पोटात अन्न काय होते, हे त्यात क्वचितच सापडते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर घुबड मारून तपासायचा प्रश्नच उरला नाही आणि नमुने जखमी किंवा मृत पक्ष्यांचेच मिळू लागले. कायदा योग्यच आहे. पण अशा नमुन्यांतला कृमींचा भार निरोगी घुबडांतल्या भारापेक्षा जास्त दिसण्याची शक्यता असते, हे विसरता कामा नये. अशक्त पक्षी सहज सापडतो.

आता परत सूक्ष्मदर्शकाकडे. अंडी तरंगवून पाहण्याची पद्धत विलिस यांनी १९२१ मध्ये माणसांतल्या आकडीकृमीसाठी मांडली, आणि साखरेच्या दाट द्रावणाची शीदर यांनी १९२३ मध्ये. दोन्ही अजून वापरात आहेत. लिटरभर पाण्यात सुमारे ३६० ग्रॅम मीठ विरघळवले की संपृक्त द्रावण तयार होते. विष्ठेचा पांढरा भाग युरेटचा, म्हणजे लघवीतल्या क्षारांचा असतो, तो टाळून गडद भाग साधारण १ ग्रॅम घ्यायचा, १५ मिली द्रावणात कालवून चहाच्या गाळणीतून गाळायचा. नळी काठोकाठ, पाण्याचा फुगवटा येईपर्यंत भरून वर कव्हरस्लिप (पातळ काच) ठेवायची आणि १० ते १५ मिनिटांनी ती सरळ वर उचलायची. अर्धा तास विसरलात तर मिठाचे स्फटिक धरतात आणि पातळ कवचाची अंडी चेपतात. मुख्य उणीव मात्र वेगळी आहे: पर्णकृमींची जड अंडी मिठात तरंगतच नाहीत आणि काटेरी डोक्याच्या कृमींचीही बऱ्याचदा निसटतात. त्यासाठी दुसरा नमुना साध्या पाण्यात कालवून ५ मिनिटे निवळू द्यायचा, वरचे पाणी ओतून द्यायचे, असे तीनदा करून तळाचा गाळ पाहायचा. फक्त मिठाची पद्धत वापरून 'कृमी नाहीत' असे लिहिणे म्हणजे निम्मे घर पाहून कुलूप लावण्यासारखे आहे. अंडी रोज सारखी पडत नाहीत, म्हणून तीन दिवसांचे नमुने लागतात. घुबड अधूनमधून जी तपकिरी, चिकट, घाण वासाची विष्ठा टाकते ती अंधनालातली असते. तिला जुलाब समजू नये आणि तपासल्याशिवाय फेकूही नये.

सगळ्यात मोठी गल्लत कॅपिलेरियाच्या अंड्यांत होते. लिंबासारखा आकार, दोन्ही टोकांना बुचे, पाहताक्षणी ओळख पटते. पण शहरातल्या उंदरांच्या यकृतात कॅलोडियम हिपॅटिकम नावाचा त्यांचा नातलग असतो, ज्याचे वर्णन बँक्रॉफ्ट यांनी १८९३ मध्ये केले. त्याची मादी यकृतातच अंडी घालते आणि ती तिथेच अडकून पडतात. उंदीर मरून कुजला, किंवा कोणी तो खाल्ला आणि ती शिकाऱ्याच्या विष्ठेतून बाहेर पडली, तरच ती मातीत पोहोचतात. म्हणजे घुबडाला काहीही न करता त्याच्या आतड्यातून प्रवास करणे हा त्यांचा एक मार्ग. त्यांनाही दोन टोकांना बुचे असतात, पण कवचावर बारीक खळगे आणि रेघा दिसतात. उंदराच्या स्वतःच्या आतड्यातल्या कृमींची अंडीही अशीच घुबडातून बाहेर पडतात. शंका असेल तर दोन दिवस यकृत आणि आतडी काढलेला उंदीर द्यावा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तपासावे. अंडी गायब झाली तर ती पाहुणी होती. टिकून राहिली, पक्षी मान झटकत असेल, तोंडात पांढरे चट्टे असतील, खाऊनही वजन उतरत असेल, तर कृमी घुबडाचेच आणि उपचारही हवेत.

औषधांचा इतिहास लहान आहे. प्राझिक्वान्टेल आणि फेनबेन्डॅझोल ही १९७० च्या दशकातली, तर आयव्हरमेक्टिन १९८१ मध्ये बाजारात आलेले. तिन्ही माणसे आणि पाळीव जनावरांसाठी निघाली, घुबडांसाठी मात्रा नंतर बसवल्या गेल्या. पट्टकृमी आणि पर्णकृमींवर प्राझिक्वान्टेल किलोमागे १० मिलिग्रॅम, दोन आठवड्यांनी पुन्हा. गोलकृमींवर फेनबेन्डॅझोल किलोमागे २५ मिलिग्रॅमपासून, ३ ते ५ दिवस, असे पशुवैद्य सामान्यतः देतात. घोळ होतो तो दशांश चिन्हात. पिंगळा भरतो साधारण ११० ग्रॅम, म्हणजे त्याला फेनबेन्डॅझोल लागते २.७५ मिलिग्रॅम. जनावरांच्या १० टक्के द्रावणात मिलीला १०० मिलिग्रॅम औषध असते, तेव्हा मात्रा निघते ०.०२८ मिली, जी साध्या सिरिंजवर नीट मोजता येत नाही. १ मिली औषधात ९ मिली पाणी घालून खूप हलवावे आणि लगेच ०.२८ मिली घ्यावे. ठेवून दिले तर औषध तळाशी बसते.

फेनबेन्डॅझोल निर्धोक आहे हा समज २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गिधाडे आणि मॅराबू करकोच्यांच्या प्रकरणांनी हलवला. भराभर विभागणाऱ्या पेशींवर ते घाला घालते: अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर आणि वाढती पिसे. पिसे गळून नवी येत असताना ते दिले तर नव्या पिसाच्या दांड्यावर कमकुवत आडवी रेघ उमटते आणि पीस तिथेच मोडते. घुबडाची शिकार आवाज न करणाऱ्या पंखांवर चालते. अशी मोडकी पिसे घेऊन त्याला सोडता येत नाही, पुढची पिसे येईपर्यंत पिंजऱ्यात थांबावे लागते. आणि पिंजऱ्याच्या मातीत साठतो तो बहुतेक कॅपिलेरियाच, कारण त्याच्या काही जातींना मधला पोशिंदा लागत नाही. म्हणून तळाची वाळू वरचेवर बदलणे हे औषधाच्या आधीचे काम आहे.