पित्त, अ‍ॅसिडिटी आणि घरगुती उपाय : एका शब्दाची पार्श्वभूमी

इंदूरच्या मराठी घरात ‘मला पित्त झालंय’ असे कुणी म्हटले, की पुढचे काही विचारावे लागत नाही. कुणी आमसूल भिजत घालते, कुणी मोरावळ्याची बरणी काढते, कुणी फ्रीजमधले दूध पेल्यात ओतते. त्याच माणसाने दवाखान्यात जाऊन हिंदीत ‘मुझे पित्त हुआ है’ असे सांगितले, तर मात्र घोटाळा होतो. हिंदीत छातीतल्या जळजळीला ‘सीने में जलन’ म्हणतात, करपट ढेकरेला ‘खट्टी डकार’. नुसते ‘पित्त’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात यकृतातला रस किंवा पित्ताचे खडे येतात, आणि ‘पित्ती उछलना’ म्हणजे तर अंगावर गांधी, म्हणजे खाजरे चट्टे, उठणे. अपचन आणि जळजळ यांवरील नैसर्गिक उपायांची पार्श्वभूमी सांगताना या शब्दापासूनच सुरुवात करावी लागते, कारण यांतले कितीतरी उपाय एका दुखण्यावरून दुसऱ्या दुखण्यावर गेले ते याच शब्दाचा हात धरून.

बोलीतल्या ‘पित्ता’त निदान चार वेगळ्या गोष्टी सामावलेल्या आहेत. पहिली म्हणजे जठरातले आम्ल अन्ननलिकेत वर चढल्याने होणारी जळजळ. दुसरी म्हणजे अंगावर उठणारे पित्त, ज्याला वैद्य शीतपित्त म्हणतात. तिसरी म्हणजे डोके ठणकणे, उजेड नकोसा होणे आणि शेवटी उलटी, म्हणजे बहुतेक वेळा अर्धशिशी. चौथी म्हणजे यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा तो हिरवट-पिवळा, कडू रस, ज्याला वैद्यकाच्या मराठीत खरोखरच पित्त हे नाव आहे. जळजळीला कारण होणारे आम्ल या चौथ्या पित्ताहून अगदी निराळे असते. जठररसात हायड्रोक्लोरिक आम्ल आहे हे लंडनमधील एका डॉक्टराने १८२३-२४ मध्ये दाखवून दिले. ते आम्ल जठराच्या अस्तरातून स्रवते आणि यकृताशी त्याचा संबंध नसतो.

आयुर्वेदातील पित्त ही याहून व्यापक कल्पना आहे आणि तिच्यावर या गोंधळाचे खापर फोडणे योग्य नाही. जुन्या ग्रंथकारांनी भेद काटेकोर केले होते. अजीर्णाचे आम, विदग्ध, विष्टब्ध आणि रसशेष असे प्रकार त्यांनी सांगितले. अम्लपित्त हा शब्द चरकसंहितेत येतो, पण तेथे त्यावर स्वतंत्र अध्याय नाही. तो काश्यपसंहितेत आणि पुढे माधवनिदान या रोगनिदानाच्या ग्रंथात आहे. माधवनिदानात दिलेली लक्षणे, म्हणजे अन्न न पचणे, थकवा, मळमळ, कडू-आंबट ढेकर, जडपणा, छातीत आणि घशात आग, अरुची, आजच्या रुग्णाच्या तोंडून जशीच्या तशी ऐकू येतात. त्या ग्रंथाने वर चढणारे आणि खाली जाणारे असे अम्लपित्ताचे दोन भेदही केले. अंगावरच्या गांधींसाठी तेथे वेगळा अध्याय आहे. हे सगळे ‘पित्त’ या एका शब्दात कोंबले गेले ते ग्रंथांत नव्हे, बोलीत.

त्याचा परिणाम आमसुलावर सर्वांत स्पष्ट दिसतो. अंगावर पित्त उठले, की आमसुलाचा कोळ अंगाला चोळण्याची रीत जुनी आहे. माळव्यात आमसूल पिकत नाही. इंदूरच्या घरांत ते कोकणातल्या नातेवाइकांच्या सामानातून येत असे, आणि म्हणून ते औषधासारखे जपून ठेवले जाई. तोच कोळ साखर-जिरे घालून जळजळीवरही प्यायला दिला जाऊ लागला. कातडीवर लावायचे ते पोटात गेले, केवळ दोन्हीकडे नाव पित्तच होते म्हणून. काहींना त्याने बरे वाटते, परंतु आम्ल वर चढत असताना अन्ननलिकेच्या सोललेल्या अस्तरावरून आणखी एक आंबट पेय जाते आणि अनेकांची आग वाढते. चरकसंहितेने या बाबतीत सावध सूत्र दिले आहे : आंबट पदार्थ बहुधा पित्त वाढवतात, अपवाद डाळिंब आणि आवळ्याचा. आवळ्याच्या मोरावळ्याला आधार आहे तो असा. आमसूल त्या अपवादात नाही.

याहून अधिक वादाची गोष्ट उलटीची आहे. ‘पित्त पाडणे’ हा शब्दप्रयोग मराठीत इतका रुळला आहे, की सकाळी उठून कोमट मिठाचे पाणी पिणे आणि घशात बोटे घालून ते काढणे हे अनेक ज्येष्ठांच्या दिनक्रमात दात घासण्याच्या जोडीला असे. त्याला तीन बाजूंनी बळ मिळाले. हठयोगातील गजकरणी, म्हणजे पाणी पिऊन ते उलटीने बाहेर काढण्याची क्रिया, ही एक. वर चढणाऱ्या अम्लपित्तात वमन (औषधाने करवलेली उलटी) द्यावे हा वैद्यकग्रंथांचा उपदेश दुसरी. आणि अर्धशिशीत उलटी झाल्यावर पुष्कळांचे डोके उतरते हा रोजचा अनुभव तिसरी. त्या शेवटच्या अनुभवामुळे ‘पित्त बाहेर पडले की बरे वाटते’ हा समज पक्का झाला, आणि तो जळजळीलाही लागू केला गेला. ग्रंथांतील वमन मात्र वैद्याच्या देखरेखीखाली, आधी स्नेहन-स्वेदन (तेल-तूप आणि शेक) करून, रोग्याचे बळ पाहून आणि नंतर पथ्याने पूर्ण करायचे कर्म आहे. रोजची सवय म्हणून ते कुणी सांगितलेले नाही. रोज वर आणलेले आम्ल दातांचा एनॅमल झिजवते आणि ज्या अन्ननलिकेला विश्रांती द्यायची तिलाच पुन्हा भाजते. रिकाम्या पोटी जोर करून शेवटी जो कडू पिवळा रस येतो, तो पाहून ‘केवढं पित्त साठलं होतं’ असे समाधान वाटते. प्रत्यक्षात तो लहान आतड्यातून मागे खेचलेला, पचनासाठीच असलेला यकृताचा रस असतो. या सवयीबद्दल अजूनही आदराने बोलले जाते, म्हणून येथे इतके लिहिणे आवश्यक वाटते.

एकोणिसाव्या शतकानंतर घरगुती उपायांत रसायनशास्त्र शिरले. खाण्याचा सोडा, मॅग्नेशिया आणि फसफसणारी चूर्णे यांनी ओवा, सुंठ आणि पादेलोण यांच्या शेजारी जागा मिळवली. सोडा आम्लाशी मिळून कार्बन डायऑक्साइड तयार करतो, मोठी ढेकर येते आणि काही मिनिटे खरेच बरे वाटते. पण चहाच्या चमचाभर सोड्यात सुमारे १,२०० मिलिग्रॅम सोडियम असते, म्हणजे प्रौढ माणसाच्या दिवसभराच्या २,००० मिलिग्रॅमच्या मर्यादेतले निम्म्याहून अधिक. रक्तदाबाच्या रुग्णाने ‘नैसर्गिक’ म्हणून तो रोज घेणे धोक्याचे आहे. वैद्यांच्या शंखभस्म, प्रवाळ आणि शौक्तिक या औषधांत मुख्यतः कॅल्शियमची संयुगे असतात, आणि औषधांच्या दुकानातील आम्लनाशक गोळीतही बहुधा कॅल्शियम कार्बोनेट असते. देशी आणि परदेशी औषधांचा झगडा येथे नावापुरताच उरतो. अम्लपित्तावर दिल्या जाणाऱ्या सूतशेखर या आयुर्वेदिक औषधाची गोष्ट वेगळी. त्यात पारा असतो, आणि वनस्पतींचे चूर्ण समजून ते महिनोन्‌महिने मनाने घेणाऱ्यांना हे बहुधा कुणी सांगितलेले नसते.

थंड दुधाचा लौकिक वाढला तोही याच काळात. १९१५ मध्ये अमेरिकेतील एका डॉक्टराने अल्सरच्या रुग्णांसाठी दर तासाला दूध-साय आणि जोडीला क्षार अशी पद्धत मांडली, आणि कित्येक दशके ती जगभर चालली. १९२३ मध्येच तिचा दुष्परिणाम नोंदवला गेला होता : दूध आणि क्षार यांच्या अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होत होती. पुढे १९७० च्या दशकात आम्लस्राव प्रत्यक्ष मोजला गेला, तेव्हा दूध प्रथम आम्ल शमवते आणि त्यानंतर त्यातील प्रथिने व कॅल्शियम जठराला अधिक आम्ल स्रवायला लावतात, असे दिसून आले. रात्री निजताना प्यालेल्या दुधाने पहाटे पुन्हा जाग येते, ती यामुळे. ताकाची जागा दुधाला द्यावी असे जुन्या माणसांना कधी वाटले नव्हते. जेवणाच्या शेवटी हिंग-जिऱ्याचे पातळ ताक हाच त्यांचा क्रम होता.

खरा बदल १९७६ नंतर झाला. त्या वर्षी ब्रिटनमध्ये आम्लस्राव कमी करणारे सिमेटिडीन बाजारात आले, १९८१ मध्ये रॅनिटिडीन, आणि १९८८ मध्ये युरोपात जठराच्या पेशींतला आम्ल सोडणारा पंपच बंद करणारे ओमेप्रॅझोल. भारतात १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूला नव्हे, तर तो तयार करण्याच्या पद्धतीला पेटंट मान्य केले होते. त्यामुळे ही औषधे येथे लवकर आणि स्वस्तात बनू लागली, आणि इंदूरशेजारच्या पीथमपूरमध्येही औषधांचे कारखाने उभे राहिले. दरम्यान १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन डॉक्टरांनी जठरातील एक जीवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला, आणि बहुतेक अल्सर तिखटाने नव्हे तर त्या जीवाणूने होतात हे सिद्ध होत गेले. २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. ‘पित्त’ हा शब्द मागे पडून ‘अ‍ॅसिडिटी’ आला तो याच वर्षांत. इंग्रजीत रसाचा गुण सांगणारा शब्द आपल्याकडे रोगाचे नाव झाला आणि जुन्या शब्दाचा सगळा गोंधळ त्याने जसाच्या तसा उचलला : डोके दुखले तरी अ‍ॅसिडिटीच.

गोळी इतकी सोपी झाली, की सकाळी चहाआधी ती घेणे हा नेम झाला. रॅनिटिडीनमध्ये कर्कजनक ठरू शकणारे अशुद्ध द्रव्य आढळल्यावर अमेरिकेने २०२० मध्ये ते बाजारातून काढायला लावले, आणि २०२२ मध्ये ते भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळले गेले. पंप बंद करणारी औषधे गरज असेल तेथे मोलाची आहेत, हे नि:संकोच म्हटले पाहिजे. अन्ननलिकेला जखमा असतील तर मोरावळ्याने भागत नाही. पण वर्षानुवर्षे घेतल्यास बी१२ आणि मॅग्नेशियम कमी होण्याचा संबंध त्यांच्याशी जोडला जातो, आणि शाकाहारी घरांत बी१२ आधीच तुटपुंजे असते. ती एकदम थांबवली तर काही काळ आम्ल नेहमीपेक्षा जास्त स्रवते. अनेकांनी गोळी सोडून सुंठ-धन्याचे पाणी सुरू केले, आठवड्यात आग दुप्पट झाली आणि दोष सुंठीला मिळाला. तो बहुधा गोळी अचानक सोडण्याचा होता.

सुंठीचा स्वतःचा हिशेब चांगला आहे. सुमारे १.२ ग्रॅम सुंठ घेतल्यावर जठर लवकर रिकामे होते, असे छोट्या अभ्यासांत दिसले आहे. जेवणानंतरच्या जडपणाला म्हणूनच ती उपयोगी, भडकलेल्या जळजळीला तितकी नाही. पुदिन्याचे उलटे आहे. पोटातला मुरडा तो शमवतो, पण अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा झडपेसारखा स्नायूही सैल करतो, आणि आम्लाला वर यायला वाट मिळते. ज्येष्ठमधाने अल्सर भरतो, तसेच पायांवर सूजही येते, हे १९४० च्या दशकात हॉलंडमध्ये लक्षात आले. त्यातूनच पुढे ब्रिटनमध्ये कार्बेनॉक्सोलोन हे औषध बनले आणि पाणी साचून रक्तदाब वाढण्याचा दोष त्यानेही वारशाने घेतला.

ज्या उपायांना सर्वांत भक्कम आधार आहे, त्यांची बरणी नसते आणि म्हणून त्यांचे नावही कुणी घेत नाही. रात्रीचे जेवण निजण्यापूर्वी तीन तास उरकणे, पलंगाची डोक्याकडची बाजू पंधरा ते वीस सेंटिमीटर उंच करणे, डाव्या कुशीवर निजणे, पोटाचा घेर कमी करणे : आम्ल खाली राहते ते या साध्या कारणांनी. इंदूरमध्ये पहिली गोष्ट अवघड का, हे सांगायला नको. समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवरच्या माळव्याच्या पठारावर उन्हाळ्यातही रात्री गार होतात, सराफा बाजारातली दागिन्यांची दुकाने मिटली की तिथेच खाऊगल्ली सुरू होते, आणि थंडीत मध्यरात्री तळलेल्या गराडू या कंदावर जीरावन मसाला भुरभुरला जातो. त्याच शहरात सूर्यास्तापूर्वी जेवणारी जैन कुटुंबेही मोठ्या संख्येने राहतात. शेजारधर्माने अनेक मराठी घरांनी त्यांची पापडाची कृती घेतली. जेवणाची वेळ मात्र घेतली नाही.

गेल्या काही वर्षांत ‘पित्त’ आणि ‘अ‍ॅसिडिटी’च्या जोडीला तिसरा शब्द बसला आहे : ‘गॅस’. छातीत दडपल्यासारखे झाले तरी ‘गॅस चढला’, पाठीत आखडले तरी गॅसच, आणि ओवा-पादेलोण चावून, सोडा घेऊन तासभर वाट पाहिली जाते. जेवणानंतर, वाकल्यावर किंवा आडवे झाल्यावर वाढणारी आणि घशाकडे चढणारी आग बहुधा जठराची असते. चालताना किंवा जिना चढताना येणारे, डाव्या हाताकडे वा जबड्याकडे सरकणारे, घाम आणि धाप घेऊन येणारे दडपण हृदयाचे असू शकते, आणि मधुमेहींत ते एवढेही स्पष्ट नसते. अशा वेळी ओवा बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठायचे असते. गिळताना अडकणे, काळी शौच किंवा विनाकारण वजन घटणे यांनाही घरगुती उपाय नाही; तेथे दुर्बिणीने तपासणी लागते.