मीटर 1.6 दाखवतो, म्हणून खत बरोबर?

नागपुरात गच्चीवर मातीविना पुदिना, तुळस, कोथिंबीर लावणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षे फिरतोय: खत विरघळवलेल्या पाण्याच्या टाकीत ईसी मीटर बुडवा, 1.6 (मिलिसीमेन्स प्रति सेंमी) दिसला की पोषण ठीक, कमी दिसला की खत ओता. तसं नाही.

ईसी मीटर पाण्याची विद्युतवाहकता (ईसी) मोजतो, म्हणजे विरघळलेल्या सगळ्या क्षारांची गोळाबेरीज. कोणता क्षार किती, हे त्याला कळत नाही. रोप नायट्रेट, पोटॅश, फॉस्फेट भराभर उचलतं. कॅल्शियम, सल्फेट मागे साचतात. त्यात बोअरचं जड पाणी ओतत राहिलात तर आणखीच. आकडा तोच, पण नत्राची बोंब आणि पुदिन्याची खालची पानं पिवळी! (पीपीएमवर, म्हणजे ईसीला एका गुणकाने गुणून मीटर दाखवतो त्या ‘दशलक्ष भागांत किती क्षार’ या आकड्यावर, तर भांडूच नका: हेच 1.6 एक मीटर 800 दाखवतो, दुसरा 1120. गुणक वेगळा, बस.)

मे महिन्यात पारा 45 कडे गेला की रोप खतापेक्षा पाणी जास्त पितं. समजा ईसी 1.6 असलेल्या 20 लिटरच्या टाकीतून 5 लिटर घटलं. रोपाने नुसतं पाणीच घेतलं असतं, तर ईसी 1.6 × 20 ÷ 15, म्हणजे साधारण 2.1 झाला असता. मीटर 1.9 दाखवतोय? मग सुमारे 11 टक्के क्षार रोपाने उचलले. पोषणाचा खरा हिशोब सुरू होतो तो इथूनच. त्यासाठी ईसीशेजारी घटलेलं पाणीही लिहावं लागतं. कोणता क्षार संपला, हे मात्र प्रयोगशाळाच सांगेल. तेवढा खटाटोप नको असेल, तर ठरावीक दिवसांनी टाकी रिकामी करून ताजं द्रावण भरा.