पोदेराची फेरी आणि मल्टिकास्टचे झाड

गोव्यात सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की पाव आले. भट्टीवरून तो घरागणिक वेगळी खेप करत नाही; एकाच टोपलीतून सगळा वाडा उरकतो. इंटरनेटवर मात्र बहुतेक काम वेगवेगळ्या खेपांनीच चालते. हजार जण एकच थेट प्रक्षेपण पाहत असतील, तर सर्व्हरमधून हजार प्रती निघतात. हे टाळण्याची धडपड १९८०च्या दशकापासून चालू आहे.

तेव्हा स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीव्ह डीअरिंग या प्रश्नामागे लागले. इथरनेटच्या, म्हणजे एका जागेतले संगणक जोडणाऱ्या जाळ्याच्या, एका तारेवरच्या सगळ्या यंत्रांना एकदम निरोप देणे सोपे होते. तोच निरोप राउटर, म्हणजे दोन जाळी जोडून वाट दाखवणारे यंत्र, ओलांडून कसा न्यायचा? त्यांचे उत्तर म्हणजे मल्टिकास्ट: पाठवणाऱ्याने गटाच्या पत्त्यावर एकच प्रत सोडावी आणि वाट जिथे फुटेल तिथे राउटरने तिची आणखी एक प्रत काढावी. ऐकणारे कोण, किती, हे पाठवणाऱ्याला ठाऊक असायची गरजच नाही. या साऱ्या इतिहासात मला हीच कल्पना सर्वांत देखणी वाटते. १९८९ मध्ये आरएफसी १११२ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात ती पक्की झाली. मार्च १९९२ मध्ये सॅन दिएगोला भरलेल्या आयईटीएफ या इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या बैठकीतला आवाज याच रीतीने २० ठिकाणी पोचला आणि त्यातून एमबोन नावाचे जाळे वाढले. मधल्या राउटरांना मल्टिकास्ट कळत नसे, म्हणून मल्टिकास्टची पॅकेटे, म्हणजे माहितीचे तुकडे, साध्या पॅकेटांच्या पोटात घालून पुढे न्यावी लागत.

खरी अडचण आवाज आणि चित्र आल्यावर उघडी पडली. पोदेराने पायपीट वाचवायला एकच लांब वळसा घेतला, तर शेवटच्या घरी पाव निवून पोचतो. सगळ्यांना गरम हवा, तर फेऱ्या वाढतात. जाळ्यातही तेच. एका मुळापासून फांद्या फुटत जाणाऱ्या वाटांना झाड म्हणतात; कमीत कमी खर्चात सगळ्या टोकांना जोडणारे झाड म्हणजे स्टायनर झाड आणि ते शोधणे फार अवघड, हे संगणकशास्त्रज्ञ रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्येच दाखवले होते. त्यात उशिराची अट आली. संभाषण सहज वाटायचे तर आवाज एका बाजूला १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा, अशी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस आहे. १९९३ मध्ये कोम्पेल्ला, पास्क्वाले आणि पोलिझोस या संशोधकांनी खर्च आणि उशीर दोन्ही एकत्र धरून पुरेसे चांगले झाड काढायची रीत मांडली. पुढे उत्क्रांतीसारखी निवड करत उत्तर सुधारत नेणारे जनुकीय अल्गोरिदम आले, मुंग्यांच्या वाटा शोधण्यावर बेतलेलेही आले. सगळ्यांचा रोख तोच: अचूक झाड हाती लागत नसेल, तर चालण्याजोगे झाड वेळेत मिळावे.

खुल्या इंटरनेटवर मल्टिकास्ट रुजले नाही. एका कंपनीचा राउटर दुसऱ्या कंपनीच्या गटांचा भार का सोसेल? म्हणून आज फोंड्यातल्या जत्रेची पालखी परदेशातले गोंयकार यूट्यूबवर पाहतात, तेव्हा प्रत्येकाला जवळच्या साठवण-सर्व्हरवरून स्वतंत्र प्रत मिळते. आयपीटीव्ही, म्हणजे इंटरनेटच्या तंत्राने टीव्ही, पुरवणाऱ्याच्या स्वतःच्या जाळ्यात मात्र मल्टिकास्ट रोज राबते. रिमोटवर चॅनेल बदलले की घरातला सेट-टॉप बॉक्स जुन्या गटातून निघतो, नव्या गटात नाव घालतो, आणि शेजारी तेच चॅनेल आधीच चालू असेल तर नवी फांदी अगदी जवळच्या राउटरपासूनच फुटते.