सल्लागार कंपनीला दिलेल्या कामाची कागदपत्रं हवीत? कोल्हापुरात माहिती अधिकाराचा अर्ज असा करा

तलावाचं सुशोभीकरण असो की पाणीयोजना, तिचा डीपीआर म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल बहुतेक वेळा बाहेरची सल्लागार कंपनी करते आणि तिचं शुल्क आपल्या करातून जातं. मी काही वर्षं अशा कंपनीत अहवाल लिहिले आहेत. त्या अनुभवावरून सांगते, नुसता अहवाल मागू नका. कंपनीनं काय करून द्यायचं कबूल केलं होतं, कोणत्या टप्प्याला किती पैसे ठरले होते आणि काम तपासून देयक कोणी मंजूर केलं, हे समोर नसेल तर जाडजूड अहवालावरून काहीच ठरवता येत नाही.

म्हणून अर्जात कागदांची नावंच लिहा: कार्यादेश (वर्क ऑर्डर), करारनाम्यातली कामाची व्याप्ती, अदा केलेली देयकं, अंतिम अहवाल आणि तो स्वीकारतानाच्या नस्तीतल्या (फाइलमधल्या) टिपण्या. ‘ही कंपनी का नेमली?’ असा प्रश्न विचारू नका. कायद्यानं नोंदीतली माहिती मिळते, अधिकाऱ्याचा खुलासा नाही. कागदांची नेमकी नावं माहीत नसतील तर आधी सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत जाऊन नस्ती पाहा. जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक संस्थांत ही सोय २०१८ च्या शासन निर्णयानं झाली आहे.

अर्ज कोणताही भारतीय नागरिक करू शकतो. तालीम किंवा तरुण मंडळाच्या लेटरहेडवर नको, स्वतःच्या नावानं करा. कारण सांगावं लागत नाही.

लागतं फार थोडं. जोडपत्र ‘अ’ नमुन्यातला अर्ज आणि त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ आहे, त्याचा दाखला जोडावा. अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत बसणारा हवा. महापालिकेचं काम असेल तर भाऊसिंगजी रोडवरच्या मुख्य इमारतीत संबंधित विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय परतू नका. उत्तराचे दिवस त्या शिक्क्यापासून मोजले जातात. चुकून दुसऱ्या कार्यालयात दिलात तरी त्यांनी तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

उत्तराची मुदत ३० दिवस. छायांकित प्रतींना पानामागे २ रुपये.

खरी अडचण येते ती ‘व्यापारी गुपित’ या उत्तराची. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये अशी माहिती न देण्याची सवलत आहे, पण मोठं जनहित असेल तर माहिती द्यावी, हेही तिथंच आहे. कंपनीनं गोपनीय म्हणून दिलेली माहिती असेल तर अधिकारी कलम ११ नुसार तिला नोटीस देतात, म्हणणं मांडायला १० दिवस मिळतात आणि निर्णयाची मुदत ४० दिवसांची होते. कंपनीची हरकत म्हणजे नकार नव्हे. निर्णय अधिकाऱ्यानंच घ्यायचा असतो. एखादा भाग खरोखर गोपनीय असेल तर कलम १० प्रमाणे तेवढा वगळून बाकीचं द्या, असं अर्जातच लिहून ठेवा. सरकारी तिजोरीतून दिलेली रक्कम मात्र गुपित असूच शकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे २० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह अपील करा. तिथंही समाधान झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं अपील. त्याला मूळ अर्ज, मिळालेलं उत्तर, पहिलं अपील आणि त्यावरचा आदेश यांच्या प्रती जोडाव्या लागतात.